पेट्रापोलला पहिली गाडी पाठवताय? आधी दलाल पारखा

लासलगावला गाडी भरून झाली, ताडपत्री आवळली, ड्रायव्हरला अ‍ॅडव्हान्स पोहोचला आणि आपल्या हातात बिल्टी, म्हणजे ट्रान्सपोर्टची मालपावती, आली की नवख्याला वाटतं, सुटलो. पण बांगलादेशला जाणाऱ्या मालाची परीक्षा तिथून अठराशे-एकोणीसशे किलोमीटरवर, पश्चिम बंगालच्या उत्तर २४ परगणा जिल्ह्यात, पेट्रापोलच्या सीमानाक्यावर होते. नाक्याअलीकडच्या बनगावला गाडी रांगेत लागते, दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरचा फोन येतो, "सेठ, हॉल्टिंग का क्या करना है?" हॉल्टिंग म्हणजे उभ्या गाडीचं दिवसाचं भाडं. आपण दलाल निवडला होता की नुसता भाव, हे तेव्हा कळतं.

माझ्या पहिल्या गाडीला मी नुसता भाव निवडला होता. चालू भाड्यापेक्षा टनामागे चारशे रुपये कमी. त्या दलालाने गाडी नागपूरच्या दुसऱ्या दलालाकडून घेतली होती, त्याने रायपूरच्या तिसऱ्याकडून. माझा अ‍ॅडव्हान्स गाडीमालकापर्यंत पोहोचेतो निम्मा झाला. हावड्याजवळ धुलागडला मालकाने गाडी उभी केली. राहिलेले पैसे आल्याशिवाय चाक हलणार नाही, म्हणाला. त्याचं चुकलं असं मला आजही म्हणवत नाही. ऑगस्टचा महिना, चाळीतला उन्हाळ कांदा, तीन दिवस ताडपत्रीखाली. सीमेवर गाडी पोहोचली तेव्हा खालच्या थरातल्या गोण्यांना पाणी सुटलं होतं. आयातदाराने किलोमागे पैसे कापले आणि ज्याला मी दलाली दिली होती तो फोन उचलत नव्हता.

तेव्हापासून जे शिकलो ते क्रमाने सांगतो. उदाहरणं कांद्याची येतील, कारण मला तोच माल कळतो. वरुड-मोर्शीच्या संत्रावाल्यांनाही यातलं बरंचसं लागू आहे.

एजंट म्हणजे नक्की कोण?

या एका शब्दाखाली तीन वेगळी माणसं असतात, आणि नवखा माणूस तिघांचं काम एकाच्या गळ्यात घालून मोकळा होतो. पहिला ट्रान्सपोर्ट दलाल, ज्याला आपल्याकडे अजून काही ठिकाणी हुंडेकरी म्हणतात. त्याच्या स्वतःच्या गाड्या नसतात, असल्या तर एखाद-दुसरी. माल आणि गाडी यांची गाठ घालून दलाली घेणं हा त्याचा धंदा. दुसरा ट्रान्सपोर्टर. बिल्टी त्याच्या नावाने फाटते आणि वाटेतल्या मालाची जबाबदारी कागदावर त्याची असते. तिसरा कस्टम्स ब्रोकर, ज्याला जुन्या सवयीने सगळे सीएचए म्हणतात. गाडीशी त्याचा संबंध नसतो. शिपिंग बिल, म्हणजे निर्यातीचा कस्टम्सकडचा कागद, भरणं, तपासणी करून घेणं, कस्टम्सचा निर्यातीचा हुकूम म्हणजे एलईओ मिळवणं, एवढं त्याचं काम. शिवाय पेट्रापोलसमोर पलीकडे बेनापोलला आयातदाराचा सी अँड एफ एजंट, म्हणजे तिकडे माल सोडवून घेणारा, असतो. तो आपल्या हातात नसतो, पण त्याने तिकडची तयारी केली नसेल तर आपली गाडी पेट्रापोलला नुसती उभी राहते.

"सगळं मी बघतो, तुम्ही निश्चिंत राहा" असं म्हणणारा भेटला तर दोनच गोष्टी विचारा. बिल्टी कुणाच्या नावाची निघणार? शिपिंग बिलावर लायसन्स कुणाचं? दोन्हींची सरळ उत्तरं आली तर पुढे बोला.

आधी नाका, मग गाडी

बंगालमधून बांगलादेशात जायला पेट्रापोल हा एकच रस्ता नाही. बशीरहाटकडे घोजाडांगा आहे, त्यासमोर पलीकडे भोमरा. मालद्याजवळ महदीपूर, समोर सोनामशीद. दक्षिण दिनाजपूरमध्ये हिली. कूचबिहारमध्ये चांगराबांधा, समोर बुरीमारी. कोणत्या नाक्याने जायचं हे बहुतेक वेळा आयातदार ठरवतो, कारण त्याचा सी अँड एफ एजंट आणि त्याच्या गिऱ्हाइकांची पेठ तिथली असते. ढाक्याचा माल असेल तर बेनापोल सोयीचं. जून २०२२ मध्ये पद्मा पूल सुरू झाल्यापासून तिथून ढाका आणखी जवळ आलं.

म्हणून आयातदाराकडून नाका लेखी घ्या आणि मगच दलालाशी बोला. महदीपूरला रोज गाड्या घालणाऱ्याला पेट्रापोलची माणसं माहीत असतीलच असं नाही. आणि "बंगाल बॉर्डर" एवढ्यावर भाडं सांगणाऱ्याला बंगाल बॉर्डर माहीत नाही असं समजायला हरकत नाही.

याच वेळी आयातदाराचा आयात परवाना आणि एलसी (पैशांची बँकेची हमी) झाली आहे का तेही बघून घ्या. हे दलालाचं काम नाही, पण याच्याशिवाय भरलेल्या गाडीचं हॉल्टिंग शेवटी तुमच्याच माथी येतं. बांगलादेश तिथल्या शेतकऱ्यांचा कांदा निघाला की परवाने थांबवतो. २०२३ मध्ये मार्चच्या मध्याला थांबवलेले परवाने ५ जूनला पुन्हा सुरू झाले. त्या काळात कुणी "गाडी पाठवा, होऊन जाईल" म्हटलं असतं तर ऐकायचं नव्हतं.

दलाल कुठे शोधायचा

मोबाईलवर गाड्या लावून देणारी अ‍ॅप आता पुष्कळ आहेत आणि पुणे-मुंबईच्या भाड्याला ती ठीक आहेत. सीमेवरच्या मालाला मी अजून माणसाकडूनच माणूस शोधतो. पिंपळगाव बसवंत किंवा लासलगावच्या ज्या व्यापाऱ्याचा माल आधीच तिकडे जातो त्याला विचारा. तो आपला दलाल सांगणार नाही असं वाटतं, पण बहुतेक जण सांगतात. मात्र "कोण चांगला?" असं विचारू नका. "गेल्या पावसाळ्यात तुमची गाडी अडकली तेव्हा कोणी सोडवली?" असं विचारा. या प्रश्नाला एकच नाव दोन-तीन तोंडांतून आलं तर तो नंबर घ्या.

आणखी एक गोष्ट. बंगालमधून नाशिक-मुंबईकडे माल घेऊन आलेल्या डब्ल्यूबी पासिंगच्या गाड्यांना घरी जायला परतीचं भाडं हवं असतं. त्यांचं भाडं खरोखरच कमी असतं आणि त्यात खोट नसते. ड्रायव्हरला जेसोर रोड पाठ असतो, बनगावला ओळखी असतात, भाषेची अडचण नसते. ज्या दलालाकडे अशा गाड्या नेहमी येतात तो माझ्या लेखी दोन पावलं पुढे. भाडं कमी असण्याला काहीच हरकत नाही, फक्त ते का कमी आहे याचं कारण पटलं पाहिजे.

कागद मागताना भीड नको

रस्त्याने मालवाहतूक करण्याचा २००७चा कायदा, म्हणजे कॅरेज बाय रोड अ‍ॅक्ट, नोंदणीशिवाय हा धंदा करू देत नाही, आणि त्याच्या व्याख्येत नुसता गाडीवाला नाही. माल बुक करणारी कंपनी, एजंट, ब्रोकर सगळे येतात. तेव्हा नोंदणीचं प्रमाणपत्र मागा. बाजारातले निम्मे लोक "असलं काही लागत नाही" म्हणतील. जो दाखवेल त्याच्याशी पुढची बोलणी सोपी जातात, एवढं मात्र अनुभवाने सांगतो.

जीएसटी क्रमांक पोर्टलवर टाकून नाव आणि पत्ता जुळतो का बघा. रद्द केलेला चेक घ्या. पैसे ज्या नावाची बिल्टी त्याच नावाच्या खात्यात जायला हवेत. "मेहुण्याच्या खात्यात टाका" आलं की थांबायचं. गाडी लागल्यावर नंबर सरकारी एम-परिवहन अ‍ॅपवर तपासा: फिटनेस, विमा, नॅशनल परमिट. दोन मिनिटांचं काम आहे, पण गाडी भरायला लागल्यावर कुणाला सुचत नाही.

वजनाबद्दल एक सांगायला हवं. दहा चाकी गाडीचं मालासकट एकूण वजन २०१८च्या नियमाने २८.५ टनांपर्यंत चालतं. दलाल सांगेल, "चार टन जास्त टाका, मी बघून घेतो." वाटेत तो बघेलही. पण पेट्रापोलला काट्यावरचं वजन शिपिंग बिलाशी जुळलं नाही की तुमचा कस्टम्स ब्रोकर अडकतो आणि त्याच्यापाठोपाठ तुम्ही. घरच्या काट्याची पावती कागदांबरोबर ठेवा.

फोनवर काय विचारायचं

खरी निवड इथे होते, म्हणून इथे घाई करू नका. तीन दलालांना तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारा आणि उत्तरं वहीत लिहा.

गाडी तुमच्या हाताखालची की दुसऱ्या दलालाकडून? दुसऱ्याकडून घेणं हा गुन्हा नाही, हंगामात सगळेच घेतात. पण मध्ये किती जण आहेत आणि गाडीमालकाशी माझं बोलणं करून द्याल का, यावर माणूस कळतो. ड्रायव्हरचा आणि मालकाचा नंबर द्यायला काचकूच करणाऱ्याला मी आता गाडी देत नाही. मी त्याला टाळून थेट मालकाशी सौदा करेन ही त्याची भीती खरी असते, म्हणून ताकाला जाऊन भांडं लपवू नका. दलाली किती घेणार ते मोकळेपणाने विचारा आणि ती वेगळी देण्याची तयारी दाखवा. ती भाड्यात लपलेली असण्यापेक्षा उघड असलेली बरी.

हीच गाडी पलीकडे जाणार की बनगावला पलटी होणार? ट्रान्सपोर्टच्या भाषेत पलटी म्हणजे गाडी उलटणं नव्हे, माल एका गाडीतून दुसऱ्या गाडीत टाकणं. परराज्यातल्या काही गाड्या बेनापोलला जाऊन रिकाम्या होतात, काहींचा माल बनगावला स्थानिक गाडीत चढवतात. पलटी म्हणजे दोनदा हमाली, फाटक्या गोण्या आणि पावसाळ्यात भिजण्याची भीती. कांद्याला ती नको, आणि करायचीच असेल तर खर्च कुणाचा ते आधी ठरू द्या. ताज्या कांद्याला आणि फळांना ई-वे बिल (मालवाहतुकीचा जीएसटीचा कागद) लागत नाही. पण यंत्राचे सुटे भाग किंवा तत्सम माल असेल तर ई-वे बिल २०० किलोमीटरला एक दिवस या हिशेबाने चालतं आणि गाडी बदलली की त्यातला नंबर बदलावा लागतो. नंबर तुमच्याशिवाय बदलता येणार नाही अशी व्यवस्था ठेवलीत, तर न सांगता पलटी होण्याचा धोका आपोआप कमी होतो.

स्लॉट कोण घेणार? २०२२ पासून पश्चिम बंगाल सरकारच्या सुविधा पोर्टलवर सीमेपार जाणाऱ्या गाडीची वेळ नोंदवायची पद्धत आली. त्याआधी बनगावच्या कालीतला पार्किंगमध्ये गाड्या आठवडेच्या आठवडे उभ्या राहत. स्लॉटची फी, पार्किंग आणि तुमच्या मालाला सध्या कोणता नियम लागतो, हे जो तोंडपाठ सांगेल तो तिथे खरंच काम करतो.

आणि शेवटचं, मुद्दाम अवघड: निर्यातबंदी आली तर? १४ सप्टेंबर २०२०ला कांद्याची निर्यात बंद झाली तेव्हा भरलेल्या गाड्या सीमेवर अडकल्या. ८ डिसेंबर २०२३ला पुन्हा बंदी, ती उठली ४ मे २०२४ला, तीही टनाला ५५० डॉलरची किमान किंमत आणि ४० टक्के शुल्क लावून. शुल्क पुरतं गेलं ते १ एप्रिल २०२५ला. सरकारी हुकमाने झालेल्या नुकसानीला कायद्याने वाहतूकदार बांधील नाही, आणि ते रास्तच आहे. प्रश्न एवढाच, की गाडी कोलकात्याला वळवायची झाली तर भाडं काय आणि तिथल्या बाजारात माल उतरवून घेणारा कुणी त्याच्या ओळखीचा आहे का. "अहो, तसं काही होणार नाही" हे उत्तर नापास.

भाडं आणि हॉल्टिंग

भाडं टनावर ठरवा किंवा गाडीवर, पण त्यात काय धरलं आहे ते सुटं करून लिहा: टोल, वाराई (हमाली), बनगावचं पार्किंग, बेनापोलची उतराई. वाद भाड्यावरून क्वचित होतो, हॉल्टिंगवरून हमखास होतो. दिवसाला किती, हा प्रश्न सगळे विचारतात. कधीपासून आणि कधीपर्यंत, हा विचारत नाहीत. बनगावला पोहोचल्यावर किती दिवस फुकट? गाडी बेनापोलच्या आवारात शिरल्यावर उतरायला वेळ लागला तर तेही मोजायचे का? शुक्रवार मोजायचा का?

शुक्रवारी पलीकडे साप्ताहिक सुट्टी असते. नाशिकहून गाडीला चार-पाच दिवस लागतात, म्हणून मी शनिवारी गाडी काढतो. बुधवार-गुरुवारी बनगाव गाठते. दुर्गापूजा आणि ईदच्या आधीच्या आठवड्यात नवख्याने गाडी भरूच नये. बांगलादेशात ५ ऑगस्ट २०२४ला सत्तापालट झाला तेव्हा काही दिवस ये-जा थांबली होती. असल्या दिवसांचं हॉल्टिंग निम्मं-निम्मं, एवढी एक ओळ माझ्या कागदावर आधीच होती, म्हणून भांडण झालं नाही.

अ‍ॅडव्हान्स किती द्यायचा? भरतानाच भाड्याचा मोठा हिस्सा देण्याची रीत आहे, कारण डिझेल आणि टोल त्यातूनच निघतात. दलालाबरोबरच्या पहिल्या गाडीला मी ७० टक्क्यांपुढे जात नाही आणि मालकाला किती पोहोचले ते मालकालाच फोन करून विचारतो. धुलागडने शिकवलेला धडा.

बिल्टी वाचा

कायद्याने पाठवणाऱ्याने गुड्स फॉरवर्डिंग नोट द्यायची असते आणि वाहतूकदाराने माल घेतल्याची पावती, म्हणजे आपली बिल्टी. पहिला कागद आपल्याकडे कुणी भरत नाही. तुम्ही भरा. मालाची किंमत आणि पोहोचवण्याची मुदत त्यातच लिहायची असते, आणि पुढे उशिराबद्दल बोलायचं झालं तर बोट ठेवायला तोच कागद असतो.

नुकसानभरपाईची मर्यादा नियमात भाड्याच्या दहा पट धरली आहे, मात्र जाहीर केलेल्या किमतीपेक्षा जास्त नाही. दीड लाख भाडं असेल तर पंधरा लाख. २५ टन कांद्याची किंमत वीस रुपये किलोने पाच लाख होते, म्हणजे कांद्याला ही मर्यादा आड येत नाही. महागड्या यंत्रांना मात्र येते; तिथे जास्त जोखमीचा दर देऊन तसं लेखी करून घ्यावं लागतं. आणि दाव्याची नोटीस माल बुक केल्यापासून १८० दिवसांत लेखी द्यावी लागते. फोनवर केलेली तक्रार नोटीस नव्हे.

विमा वेगळा काढा, गाडी निघण्याआधी; निघाल्यावर काढणं म्हणजे वरातीमागून घोडं. एक गोष्ट विमावाले आपणहून सांगत नाहीत: केवळ उशिरामुळे सडलेला माल वाहतूक विम्यात सहसा धरलेला नसतो. अपघात झाला तर पैसे मिळतील, बनगावला आठ दिवस उभं राहून कोंब फुटले तर नाही. नाशवंत मालाचा खरा विमा म्हणजे धडपड्या दलाल.

कस्टम्स ब्रोकर

याच्याबद्दल थोडक्यात. त्याला कस्टम्सचं लायसन्स लागतं, २०१८च्या नियमावलीखाली. मुंबईचं लायसन्स असलेलाही रीतसर कळवून पेट्रापोलला काम करू शकतो, पण तिथे त्याचा जी कार्डवाला, म्हणजे कस्टम्सचं ओळखपत्र असलेला, माणूस रोज उभा असतो का ते विचारा. तो तुमच्याकडून अधिकारपत्र आणि केवायसी मागेल. न मागता काम घेणारा ब्रोकर नियम मोडतोय. तुमचा आयईसी (आयात-निर्यात क्रमांक) आणि निर्यातीचे पैसे येणाऱ्या बँकेचा एडी कोड त्या बंदरावर नोंदलेला आहे का, हे गाडी भरण्याच्या आठवडाभर आधी त्याच्याकडून तपासून घ्या. कांद्याबरोबर वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं, त्यातला गोण्यांचा आणि वजनाचा आकडा इनव्हॉइसशी तंतोतंत जुळू द्या.

शक्यतो ट्रान्सपोर्ट दलालाने सुचवलेला ब्रोकर घेऊ नका. दोघे वेगळे असले की एक दुसऱ्याची खरी बातमी देतो. गाडी रांगेत कुठे आहे हे ड्रायव्हर एक सांगतो, ब्रोकरचा माणूस दुसरं, आणि सत्य कळायला दोन्ही ऐकावे लागतात.

पहिली गाडी

एकच पाठवा. दलालाने कितीही आग्रह केला, "तीन गाड्या लावल्या तर भाडं कमी करतो" म्हटलं, तरी एकच. ताडपत्रीच्या बाजूने हवा खेळायला जागा ठेवून बांधून घ्या आणि भरलेल्या गाडीचे फोटो नंबरप्लेटसकट काढा. ड्रायव्हरला दिवसातून दोनदाच फोन करा, सकाळी आणि रात्री. दर तासाला फोन करणाऱ्या सेठचा फोन ड्रायव्हर उचलायचा बंद करतो.

बेनापोलला माल उतरला की पोचपावतीवर उतरलेल्या गोण्या, वजन आणि तूट लिहून सही घ्यायला सांगा, आणि तिचा फोटो त्याच दिवशी मागवा. मूळ कागद गाडी परत आल्यावर येतो, कधी पंधरा दिवसांनी. फोटोवर बाकी द्यायची की मूळ कागदावर, हे आधी ठरलेलं असावं. ठरलं असेल त्या दिवशी बाकी देऊन टाका, मागायला लावू नका. हंगामात गाड्यांची चणचण होते तेव्हा दलाल कुणाचा फोन आधी उचलतो, हे गेल्या वेळच्या बाकीवर ठरतं.

त्या धुलागडच्या गाडीमालकाचा नंबर मी पुसला नव्हता. पुढच्या वर्षी त्यालाच फोन केला. तो म्हणाला, गाडी देतो, पण रायपूरच्या माझ्या माणसामार्फत. साखळीतला तो तिसरा दलाल. आता माझ्या बंगालच्या गाड्या तोच लावतो.